लाकूड, अॅक्रिलिक अन् पितळ: लेथवर पेन बनवायचा तर आधी भोक सरळ मारायला शिका

लेथवर, म्हणजे तुकडा फिरवत ठेवून कातायच्या मशीनवर, पेन बनवायचा म्हटलं की बहुतेक पोरं पहिलं हेच विचारायलेत की लेथ कोणती घेऊ, अन् मग टूल कोणतं घेऊ. दोन्ही प्रश्न बरोबर आहेत पण ते नंतरचे. माझं मत पक्कं आहे, पेन बिघडतो तो आकार देताना नाही बिघडत, आधीच बिघडलेला असतो. लाकूड ओलं असतं नाहीतर भोक तिरपं गेलेलं असतं, अन् हे लगेच दिसत नाही, चांगली चकाकी येते, लोक वा वा करतात, आणि मग उन्हाळा लागला की क्लिपजवळ केसाएवढी चीर पडते. म्हणून खाली लाकूड अन् भोक यावर मी जास्त बोलणार आहे, बाकीचं ओघात येईल.

सुरुवात करणाऱ्यांनी स्लिमलाइन किटनं करावी. ही सगळ्यात स्वस्त अन् सगळ्यात जास्त मिळणारी पेन किट, ऑनलाइन सहज येते. तिच्यात ७ मिमीच्या दोन पितळी नळ्या असतात, निबचं टोक, फिरवून रिफिल बाहेर काढणारं ट्रान्समिशन, मधली रिंग, क्लिप अन् टोपण. आपण काय करायचं, तर लाकडाच्या तुकड्यात भोक पाडून ती नळी चिकटवायची, वरून लाकूड कातायचं अन् सगळे भाग दाबून बसवायचे. किटसोबत त्याच मापाचे बुश (लाकूड कुठपर्यंत कातायचं ते दाखवणाऱ्या रिंगा) घ्या, ७ मिमीचं ड्रिल बिट घ्या आणि पेन मँड्रेल (तुकडे ओवून लेथवर धरायची दांडी) घ्या. किट अन् बुश वेगवेगळ्या दुकानातून आले तर माप जुळेलच असं नाही, व्हर्नियरनं, म्हणजे बारीक माप घ्यायच्या हत्यारानं, तपासून घ्या.

लाकूड कुठून आणायचं

आपल्याकडं मराठवाड्यात पेनासाठी लाकूड विकत घ्यायची गरजच नाही खरं तर. पेनाचा एक तुकडा म्हणजे साधारण २० मिमी चौकोन अन् १३० मिमी लांब, एवढं लाकूड सुताराच्या भुशात पडलेलं असतं. पण सगळ्यात भारी लाकूड म्हणजे जुन्या माळवदाचं, लाकडी तुळयांवरच्या मातीच्या सपाट छताचं. गावाकडं माळवदाची घरं पाडून स्लॅब टाकायलेत, त्यातल्या तुळया, किलचनाच्या पट्ट्या, चौकटी, हे सागवान नाहीतर बाभूळ दोन-दोन पिढ्या छताखाली वाळलेलं असतं. त्याला आता जेवढं आकसायचं तेवढं आकसून झालंय. फक्त त्यात खिळे असतात, आत मोडलेले सुद्धा, म्हणून कापायच्या आधी लोहचुंबक फिरवून बघा.

दुसरं माझं आवडतं लाकूड मोसंबीचं. जालना, अंबड, पैठण या पट्ट्यात मोसंबीच्या बागा आहेत, २०१२-१३ च्या दुष्काळात त्यातल्या कित्येक वाळल्या आणि ते लाकूड बहुतेक सगळं सरपणात गेलं. अजूनही जुनी बाग काढतात तेव्हा शेतकरी खोडं जाळायलाच नेतात. हे लाकूड पिवळसर, गच्च अन् बारीक कणाचं असतं, लेथवर इतकं गुळगुळीत कटतं की पॉलिश पेपरला काम उरत नाही. आपल्या बागेच्या लाकडाचा पेन त्याच शेतकऱ्याच्या पोराच्या हातात गेला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. बोरीचं लाकूड लालसर अन् कडक, तेही छान. चिंचेचा गाभा गडद निघतो पण सगळ्या झाडांत गाभा मिळेलच असं नाही. बाभूळ जड आहे, टूल लवकर बोथट करते पण पेन टिकतो. सागवान दिसायला सुंदर पण दोन गोष्टी लक्षात ठेवा, त्यात सिलिका असते म्हणून धार पटापट जाते, अन् तेल असतं म्हणून गोंद नीट धरत नाही, चिकटवायच्या आधी अॅसिटोननं पुसून घ्यावं लागतं. चंदनाच्या नादी लागू नका, आणि सागासारखं झाड उभं असेल तर परवानगीशिवाय हात लावू नका, भंगारातलं लाकूड पेनासाठी भरपूर आहे.

आता सुकवणी. ताजं लाकूड असेल तर जाड फळी न ठेवता लगेच २५ मिमीचे चौकोनी तुकडे पाडून ठेवा, बारीक तुकडा लवकर वाळतो. दोन्ही टोकांना मेणबत्तीचं मेण वितळवून लावा, कारण पाणी टोकातून सगळ्यात वेगानं बाहेर पडतं अन् तिथूनच लाकूड तडकतं. आणि कृपा करून मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर टाकू नका, आपल्याकडचं ४२ डिग्रीचं ऊन लाकूड वाळवत नाही, फोडतं. सावलीत, हवा खेळेल अशा जागी, तुकड्यांमधी काड्या घालून रचून ठेवा. वाळलं का नाही हे हाताला कळत नाही. किचनमधला ग्रॅमचा वजनकाटा घ्या, तुकड्यावर तारीख अन् वजन पेन्सिलनं लिहा, दर आठवड्याला वजन करा. सलग तीन-चार आठवडे वजन हललं नाही तर लाकूड तयार. पावसाळ्यात हे मोजलं तर फसाल कारण हवेतच ओल असते, वजन थांबल्यासारखं वाटतं अन् दिवाळीनंतर परत उतरायला लागतं. म्हणून पावसाळ्यात जमा केलेलं लाकूड उन्हाळा खाल्ल्याशिवाय मी वापरत नाही.

लेथ अन् हत्यारं, थोडक्यात

पेनाला मोठी लेथ लागत नाही. अर्ध्या एचपीची मोटर, स्पीड कमी-जास्त करता येणारी, टेलस्टॉकला (लेथच्या न फिरणाऱ्या, सरकत्या टोकाला) एमटी-२ मापाचा टेपर, म्हणजे निमुळती खोबण, असलेली मिनी वुड लेथ पुरते. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा एमआयडीसीच्या भागात राहत असाल तर जुनी छोटी मेटल लेथ सुद्धा मिळून जाते, तिच्यावर तिन्ही मटेरियल होतं, पण लाकूड केलं की बेडवरचा भुसा रोजच्या रोज झाडा, तेलात मिसळून त्याचा लगदा होतो, तो ओल धरतो अन् बेड गंजतो. आयटीआयमधून टर्नर झालेलं कुणी ओळखीचं असेल तर पहिले काही दिवस त्याच्या शेजारी उभं राहून बघा, व्हिडिओपेक्षा लवकर कळतं.

लेथ आली की पहिली तपासणी ही, की हेडस्टॉकला (मोटरच्या, फिरत्या टोकाला) एक अणकुचीदार सेंटर, टेलस्टॉकला एक सेंटर लावून दोन्हीची टोकं एकमेकांजवळ आणा. टोकाला टोक भिडलं पाहिजे. नाही भिडलं तर आधी टेलस्टॉक सरळ करून घ्या, तोपर्यंत भोक मारूच नका.

टूलमधी एक रफिंग गाऊज (चौकोनाचा गोल करायचं पन्हाळीसारखं टूल) अन् एक कार्बाइड इन्सर्टवालं (बदलता येणारी कडक पाती असलेलं) स्क्रॅपर एवढं बास. तिरक्या धारेचं स्क्यू टूल हात बसल्यावर घ्या, ते सगळ्यात गुळगुळीत कापतं पण जरा कोन चुकला की लाकडात शिरतं. धार करायला बेंच ग्राइंडर आणि त्यानंतर कुरुंदाचा दगड. बोथट टूल असेल तर माणूस जोर लावतो, अन् जोर लावला की तुकडा उडतो.

अंगात ढगळ बाही नको, गळ्यात गमजा, उपरणं, ओढणी काही नको, हातातला धागा अन् कडं काढून ठेवा, नुसत्या चष्म्यावर भागवू नका, चेहऱ्यावर पूर्ण शिल्ड लावा. चकची (तुकडा किंवा बिट पकडणाऱ्या जबड्याची) चावी हातातून चकमधी अन् चकमधून खिशात, मधी कुठंच सोडायची नाही. धूळ बारीक असते, मास्क लावाच, खास करून शिसम अन् सागवानाला. फिरत्या लाकडावर कापडानं पॉलिश कधीच करू नका, कापड गुंडाळलं की बोट सोबत जातं, टिश्यू पेपर वापरा, तो फाटून सुटतो.

भोक

इथं घाई करू नका. तुकड्याच्या चारी बाजूला एक तिरकी पेन्सिलची रेघ मारा म्हणजे दोन भाग कापल्यावर लाकडाच्या रेषा कुठं जुळायच्या ते कळेल, नाहीतर पेनाचा वरचा अन् खालचा भाग वेगळ्या झाडाचा वाटतो. नळीपेक्षा ३ मिमी लांब कापा. तुकडा चकमधी पकडा, टेलस्टॉकला ड्रिल चक लावा. आधी सेंटर ड्रिलनं बारीक खड्डा करा, त्याशिवाय लांब बिट तोंडालाच इकडं तिकडं पळतं अन् तिथंच तिरपं झालं की आत जाऊन सुधारत नाही. मग ७ मिमीचं बिट, स्पीड मिनिटाला ५०० ते ६०० फेऱ्यांच्या आसपास. एक सेंटीमीटर आत, पूर्ण बाहेर, भुसा झटका, परत आत. लोक नेमकं हेच करत नाहीत. भुसा अडकला की बिट गरम होतं, गरम झालं की लाकूड आतून तडकतं, अन् ती चीर बाहेरून दिसतच नाही.

पलीकडून बिट बाहेर पडताना लाकूड फाटतं. त्यावर उपाय असा की तुकडा सुरुवातीलाच त्या ३ मिमीच्या वर आणखी सेंटीमीटरभर लांब घ्यायचा, भोक त्या टोकाच्या अलीकडं थांबवायचं आणि मग करवतीनं तेवढं टोक कापून टाकायचं, भोक आपोआप उघडं पडतं. टेलस्टॉकचं हँडल फिरवून जेवढं बिट पुढं जातं तेवढं संपलं तर मशीन बंद करा, बिट मागं घ्या, टेलस्टॉक पुढं सरकवा, परत चालू करा. हातात ड्रिल मशीन धरून भोक मारायचा विचार सुद्धा करू नका. लेथवर चक नसेल तर स्टँडवालं ड्रिल अन् व्हाइस चालेल, फक्त तुकडा गुण्यात, म्हणजे काटकोनात, उभा आहे का हे दोन बाजूंनी तपासा.

भोक पाडल्यावर तुकडा एक दिवस तसाच ठेवा. आत जी काही ओल उरली असेल ती आता मधूनही बाहेर येते, वाकायचं असेल तर वाकतो, आणि नळी चिकटवायच्या आधीच तुम्हाला कळतं.

नळी चिकटवणं

पितळी नळी १५० नंबरच्या पॉलिश पेपरनं खरखरीत करा, चकचकीत पितळेवर गोंद धरत नाही. नळीच्या तोंडात मेण किंवा मुलांची खेळायची क्ले दाबून भरा म्हणजे आत गोंद जात नाही, आत गेला तर शेवटी ट्रान्समिशन बसत नाही. गोंद कोणता, तर फेविक्विक म्हणजेच सायनोअॅक्रिलेटनं काम होतं पण नळी अर्ध्यात गेली अन् तिथंच धरली तर तुकडा गेला. मी अराल्डाइटच, म्हणजे इपॉक्सी गोंद, लावायला सांगतो. आपल्याकडं मे अन् ऑगस्टमधी लाकडाची हालचाल होतेच, इपॉक्सी ती थोडी सोसतं, सायनोअॅक्रिलेट ठिसूळ असतं ते सुटतं. भोकातही लावा, नळीवरही लावा, फिरवत फिरवत आत ढकला, रात्रभर ठेवा.

दुसऱ्या दिवशी टोकं सपाट करायची. यासाठी बॅरल ट्रिमर मिळतो, त्याची दांडी नळीत जाते अन् पाती टोक खरवडतात. ट्रिमर नसेल तर प्लायवूडच्या चकतीवर पॉलिश पेपर चिकटवून ती हेडस्टॉकला लावा, नळीत घट्ट बसेल अशी दांडी टेलस्टॉकच्या चकमधी धरा, तुकडा त्या दांडीवर चढवून चकतीला टेकवा, टोक बरोबर काटकोनात घासलं जातं. पितळेची कड चमकली की लगेच थांबा. पितळ घासलं गेलं की नळीची लांबी कमी होते अन् मग रिफिल जास्त बाहेर येतं.

कातणं

मँड्रेलवर बुश, तुकडा, बुश, तुकडा, बुश असं चढवा. इथं एक गोष्ट नवीन माणसाला कुणी सांगत नाही. मँड्रेल ही बारीक दांडी आहे, तिचा नट किंवा टेलस्टॉक जास्त आवळला की ती मधी किंचित वाकते, डोळ्याला दिसत नाही, पण पेन लंबगोल निघतो अन् एका बाजूला लाकूड किटच्या रिंगपेक्षा वर, दुसऱ्या बाजूला खाली. नट बोटांनी आवळा, पाना लावू नका, टेलस्टॉक तुकडा घसरणार नाही एवढाच टेकवा.

टूल रेस्ट सेंटरच्या उंचीला, तुकड्यापासून चार-पाच मिमी लांब. चालू करायच्या आधी हातानं एक फेरा फिरवून बघा कोपरा रेस्टला अडतो का. चौकोन असेपर्यंत १५०० च्या आसपास, गोल झाला की २५०० पर्यंत न्या. गाऊजची पाठ आधी लाकडाला टेकवायची, मग हळूच दांडा वर उचलायचा म्हणजे धार कापायला लागते. टोकाकडून मधी येऊ नका, मधून टोकाकडं जा, नाहीतर कडेची चिपळी उडते. बुशच्या वर पाव मिमी राहिलं की टूल बाजूला ठेवा, उरलेलं पॉलिश पेपरचं.

१८०, २४०, ३२०, ४००, ६०० असे नंबर, कुठलाच सोडायचा नाही. प्रत्येक नंबर झाला की लेथ बंद करून रेषेच्या दिशेनं हातानं घासा, गोल ओरखडे जातात. लोखंडी बुशवर पेपर घासला की काळी पूड निघते अन् मोसंबीसारख्या फिक्या लाकडात ती जाऊन बसते, निघत नाही. फिकं लाकूड असेल तर शेवटच्या घासणीला प्लास्टिकचे बुश लावा.

अॅक्रिलिक वेगळं वागतं

ट्रॉफी अन् साइनबोर्डवाल्यांकडं २० मिमी जाडीच्या शीटचे कापलेले तुकडे पडलेले असतात, विचारून घ्या, पण कास्ट शीट आहे का ते विचारा. एक्स्ट्रूडेड शीट बिटाला च्युइंगमसारखी चिकटते. स्पीड ४०० वर उतरवा, दर तीन-चार मिमीला बिट बाहेर, साबणाचं पाणी स्प्रे करत राहा. जळका वास आला म्हणजे तुम्ही आधीच उशीर केलाय. पारदर्शक असेल तर आतली पितळी नळी अन् गोंदाचे बुडबुडे दिसतात, म्हणून भोकाच्या आतून हवा तो रंग लावून पूर्ण वाळू द्या, नळीलाही तोच रंग, मग चिकटवा.

कातताना लाकडासारखा जोर नको, स्क्रॅपरचं हँडल थोडं वर उचला म्हणजे धार किंचित खाली झुकते, अन् पातळ पातळ काढा. लांब रिबन निघत असेल तर बरोबर चाललंय, कटकट आवाज करत चिपळ्या उडत असतील तर धार गेली. घासणी सगळी पाण्यात. मायक्रोमेशचे (फार बारीक घासणीचे) पॅड १५०० पासून १२००० पर्यंत मिळतात, ओले करून एक एक लावा, मग प्लास्टिक पॉलिश. स्पिरिट, सॅनिटायझर अॅक्रिलिकवर लावू नका, आत जाळीसारख्या बारीक चिरा पडतात अन् त्या कायमच्या.

लाकडाला चकाकी

दोन रस्ते आहेत. चपडा लाख स्पिरिटमधी विरघळवून केलेलं पॉलिश, त्यात थोडं मेण, फिरत्या लाकडावर टिश्यूनं दाबून लावलं की उष्णतेनं बसतं. दिसतं सुंदर, लाकूड लाकूडच वाटतं, पण रोज लिहिणाऱ्याच्या घामानं वर्षाच्या आत उतरतं. लातूरच्या क्लासमधी दिवसभर नोट्स काढणाऱ्या पोराला द्यायचा असेल तर सायनोअॅक्रिलेटचा थर द्या. स्पीड ३०० ते ५००, घडी केलेल्या टिश्यूवर दोन-तीन थेंब, एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत, थांबायचं नाही. सहा ते आठ पातळ थर, प्रत्येक थर वाळू द्यायचा. मग अॅक्रिलिकसारखीच ओली घासणी, पण टोकांना हलक्या हातानं, तिथंच थर उघडा पडतो. बुशला आधी मेण चोळा, नाहीतर बुश तुकड्याला चिकटून बसतो.

हा गोंद हवेतल्या ओलीनं वाळतो. म्हणून एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो सुस्त पडतो, घाई करू नका, अन् जुलै-ऑगस्टमधी पटकन धरतो अन् पांढुरका धूर आल्यासारखा थर येतो. पावसाच्या दिवशी हे काम पुढं ढकला. आणि कापसाला किंवा सुती कापडाला हा गोंद जास्त लागला की ते तापतं, धूर निघतो, बोट भाजतं, परत सांगतो, फक्त टिश्यू. खिडकी उघडी ठेवा, वाफ डोळ्यात जाते.

जोडणी

बेंच व्हाइसच्या दोन्ही जबड्यांना लाकडी पट्टी लावा, तोच तुमचा प्रेस. खालच्या भागात आधी निब, मग दुसऱ्या बाजूनं ट्रान्समिशन. ट्रान्समिशन एकदम दाबू नका, त्याच्यावरच्या खुणेच्या थोडं अलीकडं थांबा, रिफिल लावा, फिरवून टोक किती बाहेर येतंय बघा, मग जरा जरा दाबा. जास्त आत गेलं तर टोक बंद असतानाही बाहेर राहतं अन् ते परत काढणं फार अवघड. वरच्या भागात क्लिप अन् टोपण, शेवटी मधली रिंग घालून दोन्ही भागांतल्या लाकडाच्या रेषा जुळवा.

पूर्ण पितळी पेन

हे काम मेटल लेथचंच. वुड लेथवर हातातल्या टूलनं फार तर बारीक पितळी रिंग साफ होते, अख्खी दांडी करायला जाऊ नका. पितळ १२ मिमी रॉड घ्या, लवकर कटणारं ग्रेड मागा. पार्कर पद्धतीचं रिफिल साधारण ९८ मिमी लांब असतं, त्याला ६.२ मिमीचं भोक पुरतं, अन् पुढच्या टोकाला २.५ मिमी. पुढचं बारीक भोक आधी, मग मागून ६.२, अन् रिफिलच्या खांद्याचं माप व्हर्नियरनं घेऊन खोली ठरवा. मागच्या टोकाला १५ मिमी खोल ७ मिमीचं भोक अन् एम८ बाय १ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार), त्यात पितळेचंच बूच बसवा.

साधं ड्रिल बिट पितळेत स्वतःच ओढलं जातं अन् अडकतं, म्हणून बिटाची कापणारी धार दगडावर किंचित सपाट करून घ्या. टूललाही रेक (धारेच्या वरच्या बाजूचा उतार) शून्य. पितळ कोरडंच कटतं, सुईसारख्या चिपळ्या उडतात, चष्मा काढू नका. अॅल्युमिनियम उलटं आहे, ते टूलच्या टोकाला चिकटून बसतं, त्याला रॉकेलचा हात लागतो, नाही मिळालं तर हलकं कटिंग ऑइल.

४०० पासून २००० पर्यंत ओला पेपर अन् ब्रासो. घामानं पितळ काळपट होतं अन् हाताला वास येतो, काहींना तो आवडतो, त्यांना तसाच द्या. नको असेल तर अॅसिटोननं पुसून, मग बोट न लावता पातळ लॅकर (पारदर्शक वार्निश) मारा, अन् त्या आधी मागच्या आट्यांवर टेप गुंडाळा, आट्यांत लॅकर गेलं की बूच फिरत नाही.